चार बाजू सारख्याच, तरी प्लॉटचं क्षेत्रफळ दोघांचं वेगळं कसं?

मृण्मयी_बालिंगा
नमस्कार मंडळी. फुलेवाडीच्या पुढं बालिंग्याच्या बाजूला आमचा एक छोटा प्लॉट आहे, बाबांनी घेतलेला. आता मी आणि माझा भाऊ दोघांत निम्मा निम्मा करायचं ठरलंय, भांडण वगैरे काही नाही. पण मापातच घोळ झालाय. चार बाजू अशा: रस्त्याकडची ५२ फूट, तिथून पुढं गेलं की ६०, मागची ५३ आणि परत रस्त्याकडं येणारी ५३. ही मापं सगळ्यांना मान्य आहेत. एजंट म्हणतो २९६६ चौरस फूट, म्हणजे पावणेतीन गुंठ्याच्या आसपास. भावाचा एक मित्र इंजिनिअर आहे, तो म्हणतो २६०४ चौरस फूट, २.३९ गुंठे. फरक ३६२ चौरस फुटांचा, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश गुंठा, त्यात एक चांगली खोली बसते हो! बाजू त्याच, टेप तोच, मग उत्तर दोन कशी? आणि बरोबर कुठलं? दुसरा प्रश्न, निम्मा भाग पाडायचा कसा? नुसतं मधून दोरी धरली तर चालेल का?

बंड्या_बावडेकर
ताई, एजंटाचं माप विकताना धरायचं आणि घरपट्टी भरताना इंजिनिअरचं 😄

टेप_आणि_ओळंबा
एजंटानं समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार केलाय. ५२ आणि ५३ ची सरासरी साडेबावन्न, ६० आणि ५३ ची साडेछप्पन्न, गुणाकार २९६६.२५. बरोबर हेच उत्तर येतंय बघा. गावाकडं सगळीकडं असंच काढतात. इंजिनिअरनं कसं काढलं ते विचारा, त्यानं नक्की आत तिरका टेप धरला असणार.

मृण्मयी_बालिंगा
हो हो, धरला होता! रस्त्याच्या एका कोपऱ्यापासून मागच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत. मला वाटलं उगाच आपलं चेक करतोय. किती आलं ते भावाला विचारून सांगते.

पाटलांचा_मळा
आमच्यात आज्यापासनं हीच पद्धत हाय, आमनेसामने बेरीज करायची, निम्मं करायचं, गुणायचं. आमच्या रानाचं असंच काढतोय आणि सरकारी मोजणीशी अर्धा आणा बी फरक पडलेला नाही. उगा नव्या पोरांनी जुन्या पद्धतीला खोटं पाडू नये.

भूमितीवाले_सर
पाटीलसाहेब, तुमचं रान कोपऱ्यात काटकोनाच्या जवळ असणार म्हणून फरक पडत नाही. आयतात ती पद्धत तंतोतंत बरोबर आहे, आयताच्या जवळच्या आकारात थोडक्यात चुकते, आणि तिरक्या आकारात भरपूर चुकते. पद्धत खोटी नाही, ती कुठं चालते ते बघावं लागतं. आणि ही आज्याच्याही कितीतरी आधीची आहे बरं का, ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मध्ये ती दिलीय, पण तिथंच तिला स्थूल म्हटलंय, म्हणजे ढोबळ. सूक्ष्म उत्तर काढायची रीत त्यानं वेगळी दिली.

मृण्मयीताई, मूळ मुद्दा असा की चार बाजू माहीत असल्या तरी चौकोन ठरतच नाही. तीन बाजू दिल्या की त्रिकोण पक्का होतो, तो हलत नाही. चार बाजूंचं तसं नाही. लाकडाच्या चार पट्ट्या घ्या, कोपऱ्यात एकेक खिळा मारा आणि हातानं दाबून बघा. चौकट कलते, बाजू त्याच राहतात, आतली जागा मात्र कमी होत जाते. तुमच्याच बाजू घेऊन मी हिशोब केला: इंजिनिअरनं जो कर्ण मोजला तो ४० फूट असेल तर क्षेत्रफळ साधारण २००७ येतं, ८० असेल तर २९५१. म्हणजे जवळजवळ साडेनऊशे चौरस फुटांचा खेळ, आणि चारी बाजू जशाच्या तशा.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराला लीलावतीत याबद्दल फार रागानं लिहिलंय. नुसत्या चार बाजू सांगून चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणारा पिशाच्च आहे आणि त्याला उत्तर देणारा त्याहून मोठा, अशा अर्थाचं. दरवर्षी वर्गात सांगतो, पोरं हे कधी विसरत नाहीत.

बंड्या_बावडेकर
म्हणजे ताई पिशाच्च आणि एजंट महापिशाच्च. सर, तुम्ही पहिल्याच दिवशी धाग्याचा निकाल लावला की 😂

सुलभाकाकू
बंड्या, गप्प बस रे. मृण्मयी, तू विचारलंस ते चांगलं केलंस, निम्म्या लोकांना हे माहीतच नसतं. आमच्या नणंदेच्या घरी याच कारणावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं.

टेप_आणि_ओळंबा
साईटवर आम्ही रोज हेच करतो. लाईनआऊट काढताना समोरासमोरच्या बाजू सारख्या आल्या म्हणून खोली काटकोनात आहे असं नसतं. दोन्ही कर्ण मोजायचे, दोन्ही सारखे आले तरच खोली चौकात. १० बाय १२ च्या खोलीचा कर्ण १५ फूट साडेसात इंच यायला पाहिजे, दोन्हीकडं. एक पंधरा आणि दुसरा सव्वासोळा आला तर फरशी बसवताना भिंतीकडंला पाचरीच्या आकाराचे तुकडे लावावे लागतात आणि मालक आयुष्यभर गवंड्याला शिव्या देतो. जुने गवंडी गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं हत्यार, नसला तर दोरीला ३-४-५ च्या खुणा करून काटकोन काढायचे, अजूनही काढतात.

पाटलांचा_मळा
सरांचं पटलं. पट्ट्यांचं नातवाकडनं करून घेतलं, बसला दाबत. पण मग मला सांगा, सरासरीच्या पद्धतीनं उत्तर नेहमी जास्तच येतंय का, का कधी कमी बी येतंय? कारण जास्तच येत असेल तर घेणाऱ्याचा कायम तोटा की ओ.

भूमितीवाले_सर
लाख मोलाचं विचारलंत. नेहमी जास्तच येतं, कमी कधीच येत नाही. आयत असेल तरच बरोबर. कारण अगदी सोपं आहे. दोन बाजू ठरलेल्या असतील तर त्यांच्यातला त्रिकोण जास्तीत जास्त मोठा केव्हा होतो? त्या एकमेकींना काटकोनात असतात तेव्हा, आणि तेव्हा क्षेत्रफळ गुणाकाराच्या निम्मं. कोन काटकोनापेक्षा लहान करा नाहीतर मोठा करा, उंची कमीच होते.

आता ताईंचा प्लॉट एका कर्णानं कापला तर एका त्रिकोणाच्या बाजू ५२ आणि ६०, दुसऱ्याच्या ५३ आणि ५३. म्हणजे क्षेत्रफळ ५२×६०÷२ अधिक ५३×५३÷२, बेरीज २९६४.५ यापेक्षा जास्त होऊच शकत नाही. दुसऱ्या कर्णानं कापलं तर ६० आणि ५३ एकीकडं, ५३ आणि ५२ दुसरीकडं, बेरीज २९६८, त्याहूनही जास्त नाही. या दोन कमाल आकड्यांची सरासरी काढा. २९६६.२५. एजंटाचा आकडा! म्हणजे त्यानं काढलं ते प्लॉटचं क्षेत्रफळ नाहीच, ती एक वरची मर्यादा आहे. चारही कोपरे काटकोन असतील तरच प्लॉट तिथं पोचतो. या चार बाजूंनी तर काही केलं तरी २९५९ आणि थोडं वर, एवढंच निघतं. त्याच्या पुढं नाही.

पाटलांचा_मळा
म्हणजे जमीन घेणाऱ्यानं तिरका टेप धरल्याशिवाय इसार द्यायचाच नाही. हे गावात सांगतो.

दहावी_तुकडी_अ
सर एक शंका, धाग्याशी संबंधित आहे म्हणून इथंच विचारतो. समरूपतेच्या धड्यातलं. त्रिकोण एबीसी मध्ये डीई समांतर बीसी, एडी:डीबी = २:३, तर त्रिकोण एडीई आणि खालचा चौकोन डीबीसीई यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर? मी ४:९ लिहिलं तर क्लासमध्ये चूक दिलं, पण का ते नीट सांगितलं नाही.

भूमितीवाले_सर
बाळा, ४:९ मध्ये तू २ आणि ३ चे वर्ग घेतलेस. पण ३ ही कुठल्याच त्रिकोणाची पूर्ण बाजू नाही, तो नुसता खालचा तुकडा आहे. समरूप त्रिकोण कुठले? वरचा छोटा एडीई आणि पूर्ण मोठा एबीसी. त्यांच्या संगत बाजू एडी आणि एबी, म्हणजे २ आणि २+३=५. क्षेत्रफळं ४:२५. मोठ्यातून छोटा काढला की खाली राहिले २१. उत्तर ४:२१. आकृतीत दोन्ही त्रिकोण वेगवेगळ्या रंगानं गिरवायचे आणि मग बाजू लिहायच्या. ही सवय लागली की या धड्यातले निम्मे मार्क कुठं जात नाहीत.

झेरॉक्सवाला
लांबी आणि क्षेत्रफळाच्या या गुणोत्तरात आमच्या दुकानात रोज कोणीतरी फसतं म्हणून सांगतो. लोक नकाशा घेऊन येतात, ए३ वर असतो, म्हणतात ए४ वर करून द्या. मशीनवर ७१ टक्के टाकतो. लांबी ७१ टक्के झाली की क्षेत्रफळ ०.७१ गुणिले ०.७१, म्हणजे बरोब्बर निम्मं. कागदही निम्माच असतो. पण नकाशावर १:५०० छापलेलं तसंच राहतं! मग घरी जाऊन पट्टी लावतात, १ सेंटीमीटरला ५ मीटर धरतात आणि जागा निम्मी झाली म्हणून फोन करतात. एक आजोबा तर तहसीलला निघालेच होते. मूळ नकाशात १ चौरस सेंटीमीटर म्हणजे २५ चौरस मीटर, बारीक केलेल्यात तो ५० झालेला असतो. म्हणून मी आता प्रत्येक लहान केलेल्या कॉपीवर लाल पेनानं लिहूनच देतो, "यावर पट्टी लावू नये".

फाईलवाली
@झेरॉक्सवाला हे फारच महत्त्वाचं, सगळ्यांनी लक्षात ठेवा. आणखी एक गोंधळ म्हणजे आर आणि गुंठा. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं आणि बोलताना सगळे आरलाच गुंठा म्हणतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १०७६ चौरस फूट. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९. एका गुंठ्याला तेरा फूट काहीच वाटत नाही, पण ४० आर म्हणजे एक एकर असं समजून सौदा केला तर पाचशे चौरस फूट कमी पडतात, कारण एकर म्हणजे ४० गुंठे, ४० आर नव्हे.

सुलभाकाकू
माझा पण एक प्रश्न, हसू नका. खानावळीत एकीकडं ८ इंची दोन भाकऱ्या देतात, दुसरीकडं त्याच पैशात १२ इंची एक. आमचे हे म्हणतात दोन घ्याव्यात, दोन म्हणजे दोन.

बंड्या_बावडेकर
काकू, तांबडा-पांढरा कुठं चांगला मिळतो त्यावर ठरवा, भाकरी काय!

दहावी_तुकडी_अ
मी सांगतो! क्षेत्रफळं व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. ८ चा वर्ग ६४, दोनदा १२८. १२ चा वर्ग १४४. एकच मोठी भाकरी जास्त आहे. जाडी सारखी असेल तर.

सुलभाकाकू
शाब्बास! यांना वाचून दाखवते. पण मोठी भाकरी जाडच थापतात रे, म्हणजे आणखीनच जास्त.

मृण्मयी_बालिंगा
आले मी परत. भावानं टेपाचा फोटो पाठवला, तिरकं माप ५६ फूट. कोपऱ्यांना नावं देते म्हणजे सोपं होईल: रस्त्याची बाजू अब ५२, बक ६०, मागची बाजू कड ५३, डअ ५३. कर्ण अक ५६. सर, आता करून दाखवा ना, मला स्वतःला कळायला पाहिजे, भाऊ नीट विचारणार.

भूमितीवाले_सर
करूया, तुमची मापं फारच छान आलीत. अक नं प्लॉटचे दोन त्रिकोण झाले.

पहिला अबक, बाजू ५२, ६०, ५६. तिन्हींची बेरीज १६८, निम्मे ८४. आता ८४ मधून एकेक बाजू वजा करा: ३२, २४, २८. या चारांचा गुणाकार ८४×३२×२४×२८, त्याचं वर्गमूळ १३४४, हेच या त्रिकोणाचं क्षेत्रफळ.

दुसरा अकड, बाजू ५६, ५३, ५३. याच्या दोन बाजू सारख्या, त्यामुळं ड पासूनचा लंब अक च्या बरोबर मध्यावर पडतो. म्हणजे काटकोन त्रिकोणाचा पाया २८, कर्ण ५३. २८०९ वजा ७८४ बरोबर २०२५, वर्गमूळ ४५. उंची ४५, क्षेत्रफळ ५६×४५÷२ = १२६०.

एकूण १३४४ + १२६० = २६०४. इंजिनिअर बरोबर.

टेप_आणि_ओळंबा
एक सुचवतो ताई, दुसरा कर्ण बड पण मोजून घ्या. एक तिरकं माप पुरतं, पण दुसरं घेतलं की टेपात कुठं ढिलाई राहिली असेल ती पकडली जाते. गवतात टेप झोल खातो, आणि झोल खाल्लेला टेप नेहमी जास्तच दाखवतो. दोघांनी दोन टोकाला ताणून धरा, जमिनीला समांतर. उतार असेल तर उतारावरनं टेप टाकू नका, ओळंबा सोडून टप्प्याटप्प्यानं सरळ माप घ्या.

मृण्मयी_बालिंगा
मोजला काल. बड आला ९३ फूट ४ इंच. मी आणि वहिनीनं मिळून धरला टेप, मजा आली.

दहावी_तुकडी_अ
मी त्यावरनं काढून बघितलं, अबड आणि बकड असे दोन त्रिकोण. अबड ११२२ आणि बकड १४८२, बेरीज २६०४. अर्ध्या चौरस फुटाचा फरक येत होता, तो इंचातला राऊंडिंगचा असणार. जुळलं!

भूमितीवाले_सर
हे बघून फार बरं वाटलं. पाचही मापं सहाव्याशी जुळली, आता या प्लॉटवर कुणी बोट ठेवू शकत नाही.

पाटलांचा_मळा
मग आता वाटणी. सोपं हाय की, अ पासनं क पर्यंत बांध घाला, १३४४ आणि १२६०, जवळजवळ निम्मं निम्मं. भावा-बहिणीत चाळीस-पन्नास फुटाकडं कोण बघतंय.

फाईलवाली
काका, फुटांचं जाऊ दे, पण रस्ता बघा की. रस्ता फक्त अब ला आहे. अक वर कापलं तर सगळा रस्ता एकाच्या वाट्याला आणि दुसऱ्याचा प्लॉट मागं बंद. क्षेत्रफळ समान आणि किंमत निम्मीसुद्धा नाही. असल्या वाटण्यांचे दावे वर्षानुवर्षं चाललेले बघितलेत मी.

भूमितीवाले_सर
बरोबर. पण पाटीलसाहेबांच्या सूचनेत शिकण्यासारखं एक गणित आहे ते आधी सांगतो, पुढं लागणारच आहे. दोन त्रिकोणांची उंची एकच असेल तर क्षेत्रफळांचं गुणोत्तर पायांच्या गुणोत्तराएवढंच. समजा अ पासूनच कापायचंय आणि तंतोतंत निम्मं करायचंय. निम्मं म्हणजे १३०२. अबक मध्ये ४२ जास्त आहेत. बक या बाजूवर क पासून थोडं ब कडं सरकायचं. ४२ हे १३४४ चा बत्तिसावा भाग, म्हणून सरकायचं ते पण ६० चा बत्तिसावा भाग, १ फूट साडेदहा इंच. उंची काढायची गरज नाही, कोन नको, वर्गमूळ नको. दहावीला हा गुणधर्म एक मार्काला येतो म्हणून पोरं पाठ करून सोडून देतात, पण जमीन वाटायची सगळी किल्ली यात आहे.

मृण्मयी_बालिंगा
रस्ता दोघांनाही पाहिजेच. आम्ही ठरवलंय रस्त्याचे ५२ फूट २६-२६ करायचे. मग मागच्या ५३ चे पण साडेसव्वीस-साडेसव्वीस केले आणि दोरी धरली तर? भाऊ म्हणतो हे झालंच निम्मं.

टेप_आणि_ओळंबा
साधारण सगळे असंच करतात, पुढचा मध्य आणि मागचा मध्य.

भूमितीवाले_सर
आयत असता तर झालं असतं. पुढची आणि मागची बाजू समांतर असती तरी झालं असतं. इथं नाही होत. बघूया किती फरक पडतो.

रस्त्याचा मध्य प. आता अपड हा त्रिकोण अबड चा निम्मा, कारण पाया निम्मा आणि ड पासूनची उंची तीच. ११२२ चे निम्मे ५६१. आपल्याला १३०२ पाहिजेत, म्हणजे अजून १३०२ − ५६१ = ७४१ घ्यायचे. ते कुठून घेणार? त्रिकोण पडक मधून. त्याचं क्षेत्रफळ किती? प हा अब च्या मध्यावर आहे, त्यामुळं कड पासूनची त्याची उंची अ आणि ब यांच्या उंचीची सरासरी, म्हणून क्षेत्रफळ पण सरासरी: अकड १२६० आणि बकड १४८२, बेरीज २७४२, निम्मे १३७१.

आता १३७१ मधले ७४१ पाहिजेत, तर मागच्या बाजूवर ड पासून ५३ च्या तेवढ्याच प्रमाणात जायचं: ५३×७४१÷१३७१ = २८.६५ फूट. म्हणजे २८ फूट पावणेआठ इंच. तिथं खूण करा, प पासून तिथवर दोरी धरा, दोन्हीकडं १३०२.

मध्याला खूण केली असती तर ड कडच्या माणसाला ५६१ + ६८५.५ = १२४६.५ आणि ब कडच्याला १३५७.५. फरक १११ चौरस फूट. पेपरवर नुसतं "मधून वाटणी" लिहून सही केली असती तर हे एकशे अकरा कुणालाच कळले नसते.

सुलभाकाकू
एक बाथरूम आणि संडास झाला की त्यात!

पाटलांचा_मळा
सर, तुम्ही हे मला तिसऱ्यांदा वाचायला लावलंत, पण कळलं. कागदावर काढून बघितलं. उंची एकच असली की पाया बघायचा, एवढंच धरून ठेवलं. शाळेत हे असं कुणी रानात उभं राहून सांगितलं असतं तर आम्ही काय शाळा सोडली असती!

फाईलवाली
मृण्मयी, दोरी धरलीत तरी कागद व्हायला पाहिजे. आधी तुकडेबंदीच्या दृष्टीनं एवढे लहान भाग नोंदवता येतात का ते वकिलांना विचारून घे, प्लॉट बिगरशेती आहे का, मंजूर लेआऊटमधला आहे का यावर ते असतं. मग भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज. ते आता मशीननं मोजतात, टेपानं नाही, आणि हद्दीच्या खुणा करून देतात. तुमचा २८ फूट पावणेआठ इंचाचा कच्चा नकाशा बरोबर ठेवा, मोजणीच्या दिवशी दाखवता येतो. वाटणीपत्र नोंदवताना क्षेत्र चौरस मीटरमध्ये पण लिहा. १३०२ चौरस फूट म्हणजे साधारण १२१ चौरस मीटर.

मृण्मयी_बालिंगा
सगळ्यांचे खूप खूप आभार. काल संध्याकाळी सरांचा सगळा हिशोब भावासमोर मांडला. त्यानं आधी मधल्याच खुणेचा हट्ट धरला होता, पण पट्ट्यांची चौकट करून दाखवली आणि मग प्रत्येक त्रिकोण त्यानं स्वतः कॅल्क्युलेटरवर काढला. ड कडचा भाग त्याला पाहिजे होता, म्हणजे मधल्या खुणेनं तोटा त्याचाच होता! त्यानंतर एकदम गप्प 🙂 आता दोघांच्या सहीनं नकाशा काढलाय, वकिलांकडं सोमवारी जातोय. एजंटाला २६०४ सांगितलं तर तो म्हणाला आमच्यात असंच मोजतात.

बंड्या_बावडेकर
सांगायचं ना, आमच्यात भास्कराचार्य वाचतात!

ऊसवाला_शिरोळ
उशिरा आलो, धागा लई भारी झालाय. माझा पण एक घोळ आहे. ऊसाचं रान पाच कोपऱ्यांचं आहे, ओढ्याकडची बाजू तिरकी. लागणीला सरीचे फूट, म्हणजे सगळ्या सऱ्यांची मिळून लांबी, काढायचे असतात, ४ फुटी सरी असेल तर एकरी १०८९० फूट, ५ फुटी असेल तर ८७१२, हे पाठ आहे. पण एकरच नक्की कळत नाही म्हणून बियाणं दरवेळी एक तर कमी पडतं नाहीतर बांधावर वाळतं. पाच बाजू मोजल्यात. यावरनं निघेल का?

टेप_आणि_ओळंबा
नुसत्या पाच बाजूंवरनं नाही निघणार. एकाच कोपऱ्यात उभं राहून समोरच्या दोन कोपऱ्यांना दोन तिरकी मापं घ्या. रानाचे तीन त्रिकोण होतील. पण कोपरा असा निवडा की दोन्ही दोऱ्या रानातनंच जातील, बाहेरनं नाही.

ऊसवाला_शिरोळ
ऊस उभा आहे ओ, आत टेप कसा घालू?

पाटलांचा_मळा
तोड झाल्यावर घाल. पाला पेटवायच्या आत... नाही नाही, पेटवू नको, कुजव त्यो. पण खोडव्याला पाणी द्यायच्या आत माप घे, चिखलात टेप वढवत नाही.

दहावी_तुकडी_अ
ऊसवाले काका, मापं मिळाली की इथं टाका. तीन त्रिकोण मी काढून देतो, सर फक्त तपासा.

भूमितीवाले_सर
तपासतो. आणि काका, सहावं-सातवं माप इंचापर्यंत लिहा, "साधारण" नको.